शिरेचा पाचवा टाका

सर, मागच्या महिन्यात मी नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. आजारी मी नव्हते, माझी भाची होती. अपघातात तिच्या नडगीवरचं मांस गेलं, तिथे मांडीचं मांस आणून बसवायचं होतं. तिथला डॉक्टर माझ्या धाकट्यापेक्षाही लहान. मावशी जुनी थिएटर सिस्टर आहे, शिरा जोडण्याचं काम तिने जवळून पाहिलंय, असं भाचीने त्याला सांगून टाकलं. तो कौतुकाने आत गेला आणि एक डबी घेऊन आला. आत प्लास्टिकच्या दोन इवल्याशा कड्या, आणि कड्यांना डोळे ताणूनच दिसतील असे काटे. शिरेचं एक टोक एका कडीतून ओढून घ्यायचं, बाहीला मुडप घालतो तसा काठ बाहेर मुडपून काट्यांवर अडकवायचा, दुसऱ्या टोकाचं तसंच करायचं आणि दोन्ही कड्या समोरासमोर दाबायच्या. टिचबटण लागतं तशी शीर जोडली जाते. "पाच-सात मिनिटांचं काम, मावशी," तो म्हणाला. मी म्हटलं, आमचे सर एका शिरेला पाऊण तास घ्यायचे. तो हसला. कुत्सित नव्हतं ते हसणं, मुलगा चांगला होता. पण मला तिथे बसवेना, मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

कड्यांचं हे तुम्हाला सांगावं म्हणून वही काढली खरी, पण ते निमित्त आहे. मला सांगायचं आहे ते दोंडाईच्याकडच्या त्या मुलीच्या अंगठ्याबद्दल. तुमच्या टेबलावर स्पिरिटच्या कुपीत शिरेचा तुकडा होता, त्याबद्दल. त्या तुकड्यातल्या पाचव्या टाक्याला तुम्ही दोष दिलात आणि त्या एका टाक्यापायी पुढे शिरा जोडणं सोडलंत. तो टाका चुकला नव्हता, सर. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही गेलात तेव्हाही माहीत होतं. आज सत्तरी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, तरी हे एवढं वाक्य मी कुणापुढे उच्चारलेलं नाही.

आधी बऱ्या दिवसांचं लिहिते, म्हणजे हात थोडा सैल होईल. मी जळगावला नर्सिंग करून धुळ्याला तुमच्याकडे आले ते ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. आग्रा रोडच्या मागे तुमचा दवाखाना, खाली औषधांचं दुकान, वर बारा खाटा आणि एक थिएटर, ज्याच्या खिडकीला तुम्ही स्वतः उभं राहून हिरवा रंग मारून घेतला होता. मुंबईत शिकून तिथेच राहिला असतात तर नाव झालं असतं, असं तुमचे घरचे म्हणायचे. तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान, राजस्थानातून आलेलं कुटुंब, आणि हा एकच मुलगा माणसं शिवायला निघालेला. मायक्रोस्कोप तुम्ही जळगावच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडून जुना घेतलात. तो ट्रकमधून वाळक्या केळीच्या पाल्यात बांधून आला, आणि पुढे दोन महिने त्याच्या खाचाखोचांतून मी पाल्याचा भुगा काढत होते. चिमटे तर घड्याळजीचेच. ज्या चिमट्याने तो माणूस घड्याळातला स्क्रू उचलायचा त्याच जातीच्या चिमट्याने तुम्ही शिरेचा काठ उचलायचात.

आणि सरावाला लागायची कोंबडीची तंगडी. तुमच्या घरात कांदा-लसूणही चालत नव्हता, त्यामुळे ती आणायचं काम माझ्याकडे. मी पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून दवाखान्यात शिरायची, चोराच्या मनात चांदणं तशी. तुम्ही दार लावून घ्यायचात, सुई हातात घेण्याआधी त्या तंगडीला हात जोडायचात आणि मग दोन-दोन तास तिच्या शिरा कापून पुन्हा जोडत बसायचात. मला हसू यायचं. मास्कचा तेवढा उपयोग होता.

धमनी आणि शीर यांतला फरक मला पुस्तकातून कधी कळला नव्हता, तो तुम्ही त्या तंगडीवर दाखवलात. धमनी जाड, कापली तरी तोंड उघडं ठेवून बसते. ती रक्त आणते आणि जोर लावून आणते. शीर ते रक्त परत नेते, पण तिच्यात जोर नाही, भिंत पातळ, कापली की ओल्या पापुद्र्यासारखी स्वतःलाच चिकटून बसते, तोंड कुठे आहे तेच सापडत नाही. म्हणून तुम्ही तिला पाण्याखाली शिवायचात. मी पिचकारीने मिठाचं पाणी सोडत राहायची आणि त्यात तिचे काठ हळूहळू सुटे होऊन तरंगायला लागायचे. "उघडलं बाईसाहेबांनी तोंड," तुम्ही म्हणायचात. मग केसाहून बारीक दोऱ्याने पहिले दोन टाके घड्याळातल्या दहावर आणि दोनवर, म्हणजे मागची भिंत आपोआप खाली लोंबते आणि सुईत सापडत नाही. ती सापडली तर शीर जोडली न जाता बंद होते, आणि बंद झाली आहे हे दुसऱ्या दिवसापर्यंत कळतही नाही. पाच-सहा टाके झाले की परीक्षा. जोडाच्या पुढची शीर दोन चिमट्यांनी पिळून रिकामी करायची, मागचा चिमटा सोडायचा आणि बघायचं. रक्त जोड ओलांडून धावत आलं तर पास. ते धावत येताना मी शेकडो वेळा पाहिलं असेल, पण प्रत्येक वेळी मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या भिंगाला डोळा लावायला मी घाई करायची. "धमनी आपली वाट स्वतः काढते, सिस्टर. शिरेची वाट आपल्याला राखावी लागते." हे तुमचं बोलणं आमच्या वॉर्डात आयाबायांनाही पाठ होतं.

गाठीसाठी मात्र तुम्ही मला सहा महिने झुलवलंत. खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधून रोज दुपारी वीस गाठी. पहिल्या फेरीत दोऱ्याला एकाऐवजी दोन वेढे द्यायचे, म्हणजे हात सोडला तरी सरकत नाही, आणि वर उलटी फेरी घालून ती पक्की करायची. बायका परकराच्या नाडीला मारतात ती गाठ कधी ना कधी सैल होते, ही होत नाही. "बसवायची, आवळायची नाही," तुम्ही मागे उभं राहून म्हणायचात, आणि माझी गाठ आवळली गेली की न बोलता कात्रीने कापून टाकायचात. एके दिवशी कापली नाहीत. वाकून पाहिलीत आणि म्हणालात, "ही आता माझ्यापेक्षा बरी येते तुम्हाला." ते मी माहेरी रावेरला जाऊन आईला, वहिनीला, शेजारणीला सांगितलं. त्यांना काय कळणार, पण मी सांगितलं. नर्सबाई म्हणजे भांडी धुणारी आणि बेडपॅन देणारी, असं समजणाऱ्या जगात तुम्ही मला हातातली विद्या दिलीत, सर, आणि मी तिचं काय केलं ते पुढे येईलच.

ती मुलगी अक्षय्य तृतीयेच्या, आमच्या आखाजीच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, पहिल्या आखाजीला माहेरी आणलेली. माहेर दोंडाईच्यापासून आत एका खेड्यात. झोके-गाणी झाली, आणि सकाळी म्हशीला चारा घालायचा म्हणून मायलेकी कडबा कापायच्या यंत्रापाशी बसल्या. लेक पेंढी सारत होती, आई चाक फिरवत होती. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. तुम्ही गावोगावच्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगत फिरायचात ना, तुटलेला तुकडा फेकू नका, बर्फात थेट टाकू नका, फडक्यात, मग पिशवीत, मग बर्फात ठेवा, ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं. जीपमधून ते आले तेव्हा अंगठा जेवणाच्या डब्यात होता आणि डबा गारेगारवाल्याकडच्या बर्फाने भरलेल्या कळशीत. कळशी आईच्या मांडीवर. तिने ती कुणाला घेऊ दिली नाही, मीच शेवटी तिची बोटं सोडवली.

मग बांगड्यांचं झालं. मुलीच्या उजव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, नव्या नवरीचा. त्या हाताला काहीही घट्ट नको, हा तुमचा नियम. घड्याळ नको, कडं नको, दोरा नको. तुम्ही घाईत होतात, हात धूत धूतच म्हणालात, "सिस्टर, फोडा त्या बांगड्या." आई दारातच उभी होती. ती मटकन खाली बसली. "असं नका बोलू, डाक्टर. तिना धनी जित्ता शे." तुम्हाला काही उमगलं नाही. मी तिला उठवलं, तुमच्या जवळ येऊन हळूच म्हटलं, सर, फोडा म्हणू नये, नवरा गेल्यावर फोडतात. वाढवते म्हणावं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, थकलेलं हसलात. "शब्दानं काय होतं, सिस्टर? शिरेला मराठी समजत नाही." मी ओल्या टॉवेलमध्ये एक एक बांगडी धरून वाढवली. कपच्या टॉवेलसकट आईने मागून घेतल्या आणि पदरात बांधल्या.

आठ तास लागले. हाड तारेने बसवलं, स्नायूची दोरी जोडली, धमनी जोडली आणि अंगठा आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्याचा गुलाबी झाला. एका धमनीमागे दोन शिरा, हा तुमचा नेम होता, पण त्या अंगठ्याच्या पाठीवर जोडण्याजोगी एकच शीर सापडली. दुसरी यंत्राने चेंदून टाकली होती. तुम्ही त्या एकीवर तास घालवलात. पाच टाके. प्रत्येक टाका बांधण्याआधी मागची भिंत सापडली नाही ना ते बघून घेत होतात. परीक्षा घेतलीत, रक्त धावत आलं. "एकटीच आहे बिचारी," तुम्ही म्हणालात, "सांभाळा हिला."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, तुमचा जळगावच्या बाह्यरुग्णांचा दिवस. सकाळी अंगठा गुलाबी, ऊबदार, टोक दाबलं की लगेच रंग परत येत होता. मुलीशी दोन शब्द बोलून तुम्ही गेलात, रात्रीचा मुक्काम नेहमीसारखा तिथे भावाकडे. मेचं ऊन, खोलीत पंखा नाही, कूलर बंद, कारण गारव्याने शिरा आखडतात. मुलगी घामाने निथळत पडली होती आणि आई तिच्या पायाशी. मी तासाच्या तासाला तक्त्यावर रंग आणि ऊब लिहीत होते. दहाच्या सुमाराला आई माझ्याजवळ आली. पदराच्या गाठीतून तिने एक काळा दोरा काढला, सात गाठी मारलेला. रात्रीत कुणीतरी गावी जाऊन भगताकडून आणला होता.

"चाक मनाच हातमा व्हतं, बाई," ती म्हणाली. "मनाच हातमा. आखाजीले आणेल पोर शे. आते तिना सासरले काय तोंड दखाडू?"

मी म्हटलं, "माय, अंगठा लागेल. डॉक्टरांनी मेहनत केली शे."

"हातमा काहीच नही ऱ्हायनं. असा भुंडा हात कसा ठेवू? येवढा दोरा बांधू दे. डाक्टरले नको सांगजो."

तुम्ही असतात तर समजावलं असतंत, किंवा रागावला असतात, आणि दोन्हींत तिचं भलंच झालं असतं. मला ते जमलं नाही. मी त्याच मातीतली, माझ्याही आईने मला परीक्षेला जाताना दंडाला दोरा बांधलेला. आणि बांगड्या माझ्याच हातांनी गेल्या होत्या. त्या माऊलीने लेकीच्या कोपराखाली, पट्टी संपते तिथे, दोरा बांधला. चांगला सैल होता, मी बोट घालून पाहिलं. वर पट्टीचा काठ ओढून घेतला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये. तक्त्यावर लिहिलं: रंग गुलाबी, ऊब चांगली. दोऱ्याचं लिहिलं नाही. दोन वाजता माझी पाळी संपली, दुसऱ्या सिस्टरला औषधांच्या वेळा समजावल्या, आणि दोऱ्याचं सांगायचं मी विसरले. विसरले असंच मी स्वतःला सांगत आले आहे. तोंडात येऊन परत गेलं, हे जास्त खरं.

हात सुजणार होता, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एवढं मोठं काम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजतो. दोरा सुजत नाही. शुक्रवारी सकाळी सातला मी खोलीत शिरले तर अंगठा पिकल्या जांभळासारखा झालेला, टच्च फुगलेला. रातपाळीच्या डॉक्टरने तुम्हाला जळगावला फोन केला होता, तुम्ही निघाला होतात. मी पट्टीचा काठ वर सारला. दोरा कातडीत रुतला होता, त्याच्या खालची-वरची कातडी वरंब्यासारखी उचललेली. धमनी जोर लावून रक्त आत आणत होती आणि शिरेची परतीची वाट मी पट्टीखाली झाकून ठेवली होती. टाके काढायच्या कात्रीने मी दोरा कापला आणि एप्रनच्या खिशात टाकला. आई बघत होती. तिला वाटलं, काम झालं म्हणून काढला. दोऱ्याचा वळ अर्ध्या तासात बराचसा विरला, आणि तुम्ही साडेआठला आलात तेव्हा तुमची नजर त्या जांभळ्या अंगठ्यावरून हललीच नाही.

"शीर बंद पडली," एवढंच बोललात. पुन्हा थिएटर. जोडाच्या जागी गुठळी होतीच, रक्त साचलं की ती होणारच. तुम्ही जोड कापून काढलात, मनगटाजवळून दुसऱ्या शिरेचा तुकडा घेतलात, तिच्यातले पडदे एकाच दिशेने उघडतात म्हणून दिशा दोनदा तपासलीत आणि मध्ये बसवलात. दीड दिवस अंगठा गुलाबी राहिला. मग पुन्हा काळवंडत गेला, आणि पाचव्या दिवशी तुम्हीच तो काढलात. त्या मुलीने भुलीतून उठल्यावर पट्टी पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं. घरी जाताना आईने माझे दोन्ही हात धरले. "अंगठा गया ते गया, पोर ते वाचनी ना. दोरानाच गुण शे, बाई." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

कापून काढलेला जोड तुम्ही टाकला नाहीत. त्या शुक्रवारीच दुपारी तो उभा चिरून मायक्रोस्कोपखाली पसरलात आणि बराच वेळ पाहत बसलात. मग मला हाक मारलीत. "बघा, सिस्टर. पाचवा. केसभर खोल गेलाय." मी भिंगाला डोळा लावला. मला पाचही टाके सारखेच दिसले, सर. एका ओळीत, एका मापाचे, एकाही टाक्याने मागची भिंत धरलेली नाही. खिशात तो दोरा होता. मी म्हटलं, "हो सर. पाचवा."

तिथून तो तुकडा कुपीत गेला आणि कुपी तुमच्या टेबलावर. रोज सकाळी टेबल पुसताना मी ती उचलायची, खालची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. नवा डॉक्टर आला की तुम्ही त्याला ती दाखवायचात. माझी चूक बघा म्हणायचात, आणि लगेच पुढे, "आमच्या सिस्टरच्या नोंदी मात्र आरशासारख्या आहेत, त्यांच्याकडून शिका." सुरुवातीला मी नोकरी जाईल म्हणून गप्प होते. यजमानांची गिरणी बंद पडलेली, घरात दोन लहान मुलं. ती भीती तीन-चार वर्षांत सरली. नंतर गप्प राहिले ती या आरशापायी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक.

आणि तुम्ही शिरा जोडणं कमी कमी करत गेलात. आधी दोन बोटं असतील तर एकच घ्यायचात. मग म्हणायला लागलात, माझा हात शिरेला चालत नाही. भुसावळहून पेशंट आला ती दुपार तुम्ही विसरला नसाल. लाकडाच्या वखारीतला माणूस, पस्तिशीचा, करवतीत डाव्या हाताची तीन बोटं गेलेली. बोटं नीट बर्फात ठेवून आणली होती, कापही स्वच्छ, असा काप बघून तुमचे डोळे पूर्वी चमकायचे. तुम्ही बोटं फडक्यातून उलगडलीत, पाहिलीत, पुन्हा गुंडाळलीत आणि मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिलीत. मी म्हटलं, "सर, इथे होईल. वेळ आहे." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मायक्रोस्कोपवर झाकण घाला, सिस्टर." त्या माणसाला चाळीसगावला गाडीत बसवायला मीच गेले होते. महिन्याने तो जखम दाखवायला आला तेव्हा तीन बोटांच्या जागी तीन गुळगुळीत खुंट होते. गाडी उशिरा पोचली म्हणाला. त्याची काही तक्रार नव्हती, उलट तुमच्यासाठी वखारीतून एक पाट करून आणला होता त्याने. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. एक अंगठा गेला होता, तो त्या दोऱ्याने गेला होता. ही तीन बोटं मात्र माझ्या गप्प बसण्यानेच गेली, आणि अशी किती गेली ते मी कधी आठवायला बसले नाही.

त्याच सुमाराला तुम्ही तो बारीक चिमटा मला देऊन टाकलात. "घ्या, भुवया कोरायला होईल," असं म्हणालात. मला हसायचं होतं, जमलं नाही. मी त्याने कधी भुवया कोरल्या नाहीत. नातवंडांच्या पायातले बाभळीचे काटे काढते. अजून टोक जुळतं त्याचं.

शेवटचं मी तुम्हाला जळगावला भेटले, तुमच्या भावाच्या घरी, वरच्या खोलीत. छातीच्या दुखण्याने तुम्ही निम्मे झाला होतात. वहिनींनी ताक दिलं आणि त्या खाली गेल्या. इकडचं-तिकडचं झालं, कोण कुठे आहे, कुणाचं लग्न झालं. मग तुम्ही छताकडे बघत विचारलंत, "सिस्टर, त्या दिवशी सकाळी तुम्ही आधी पोचला होतात. तुम्हाला काही वेगळं दिसलं होतं का?" म्हणजे इतकी वर्षं तुम्हालाही पाचवा टाका पुरता पटला नव्हता. तुम्ही मला दार उघडून दिलंत, सर. मला फक्त आत यायचं होतं. ताकाचं भांडं माझ्या हातात होतं, त्यावर मोहरीची फोडणी तरंगत होती. मी म्हटलं, "नाही सर. काही वेगळं नव्हतं." तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "मग पाचवाच." पंधरा-वीस दिवसांनी वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला.

नाशिकच्या त्या मुलाला मी निघताना विचारलं, कड्या लावल्या म्हणजे शीर कधीच बंद पडत नाही का? तो म्हणाला, "जोडाने क्वचितच पडते, मावशी. पण बाहेरून दाब आला तर कडी काय करणार? पट्टी घट्ट झाली तरी पुरे." मी त्याचे आभार मानले. इतक्या वर्षांनी कुणीतरी ते माझ्यासमोर बोललं, आणि ज्याने ऐकायला हवं होतं तो माणूस नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाकीट चिकटवून ट्रंकेतच ठेवलं असतं, मी स्वतःला ओळखते. पण कागदावरही खोटं राहायला नको. वर मी लिहिलंय की त्या माऊलीने दोरा बांधला आणि मी बांधू दिला. तिने बांधायचा प्रयत्न केला, हे खरं. तिचे हात इतके कापत होते की गाठ बसेना, तीनदा सुटली. तिची गाठ असती तर हात सुजल्यावर तीही सुटली असती, सर, सरकली तरी असती. मी तिला म्हटलं, "दे माय, इकडे." पहिल्या फेरीत दोन वेढे दिले, वर उलटी फेरी घातली, आवळली नाही, नीट बसवली. तुम्ही शिकवली होतीत तशी.